उंदीर मेलेला नाहीच : बागेतल्या कुजक्या वासाचा माग

पाऊस लागला की मला एक हाक हमखास येते. वाक्यही ठरलेलं : "बागेत कुठेतरी उंदीर मेलाय, तीन दिवस शोधतोय, सापडत नाही." सुरुवातीला मीही काठी आणि बॅटरी घेऊन ओणवी होऊन शोधायचे. कुंड्या सरकवायच्या, गटाराचं झाकण उचलायचं, पन्हाळीत हात घालायचा. आता मी उंदीर शोधत नाही. माश्या कुठे घोंगावतायत ते आधी बघते. बहुतेक वेळा त्यांच्या खाली एक भूछत्र उभं असतं.

हे स्टिंकहॉर्न गटातलं भूछत्र. उष्ण प्रदेशातला या गटाचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे फॅलस इंडुसिएटस : पांढरा पोकळ दांडा, वर हिरवट-तपकिरी चिकट टोपी, आणि टोपीखालून जवळजवळ जमिनीपर्यंत सुटलेला जाळीचा झगा. रूप असं की फोटो काढायला माणूस वाकतो, आणि वाकल्या वाकल्या नाक धरून मागे सरतो. ते उपटून टाकलं की चार दिवसांनी हातभर अंतरावर दुसरं हजर. एक भूछत्र उपटायला कोणाचा सल्ला लागत नाही. ते परत का येतं हे कळलं नाही तर मात्र माणूस अख्खा पावसाळा उपटत बसतो. म्हणून हा सगळा लेख त्या ‘परत’बद्दल आहे.

लक्षणं

- कुजलेल्या मांसाचा वास, त्याला किंचित गोडसर झाक. सकाळी तीव्र, एक-दोन दिवसांत आपोआप नाहीसा, मग थोड्याच अंतरावरून पुन्हा सुरू.
- दमदार पाऊस किंवा भरपूर पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी हा प्रकार वाढतो.
- लाकडाच्या ढलप्या, भुसा, पालापाचोळा किंवा बांबूचा कचरा पसरलेल्या जागी माश्यांची गर्दी.
- मातीत अर्धवट रुतलेले पांढरट, गुलाबी किंवा जांभळट गोळे, सुपारीपासून लहान अंड्याएवढे, दाबल्यावर रबरासारखे.
- काल संध्याकाळी काही नव्हतं, आज सकाळी वीतभर उंच काहीतरी उभं आहे.

शेवटची दोन लक्षणं दिसली तर निदान जवळपास झालंच. पण बहुतेकांना फक्त पहिलं जाणवतं, म्हणून खरा उंदीर आणि भूछत्र यांतला फरक आधी सांगते. मेलेल्या प्राण्याचा वास एकाच जागेवरून येतो आणि काही दिवस वाढत जातो. भूछत्राचा वास जागा बदलतो, आणि वाढण्याऐवजी तुटक येतो : दोन दिवस आहे, तीन दिवस नाही, पुन्हा आहे. तुमच्या वासाला अशा सुट्ट्या असतील तर उंदराला दोष देणं थांबवा.

पहिली तपासणी : वास घरातला की बाहेरचा

ही फुकट आहे, पाच-सात मिनिटांची आहे, आणि कितीही अनुभव असला तरी टाळायची नाही. घराच्या आत या, दारं-खिडक्या लावा, पाच मिनिटं थांबा आणि वास घ्या. आत वास नसेल तर पुढच्या तपासणीकडे चला. आत, विशेषतः स्वयंपाकाच्या गॅसजवळ वास येत असेल तर भूछत्राचा विचार बाजूला ठेवा.

कारण असं की भूछत्राचा वास आणि गॅसचा वास एकाच घराण्यातले आहेत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टनसारखं गंधकाचं संयुग मिसळतात. स्टिंकहॉर्नच्या वासातही गंधकाची संयुगं असतात, डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही त्यांतली मुख्य. सडत्या मांसातून हीच दोन निघतात, म्हणूनच माश्या आणि आपण दोघंही फसतो. नाकाला हा सगळा ‘कसलातरी घाण वास’ असतो. म्हणून आतल्या वासावर पैज लावायची नाही. गॅस बंद करायचा, दारं-खिडक्या पुन्हा उघडायची, विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, बाहेर पडायचं आणि गॅस पुरवणाऱ्यांच्या आपत्कालीन सेवेला बोलवायचं.

सांडपाण्याच्या वाहिनीचा वास यातच निकालात निघतो. तो न्हाणीघरात, जाळीजवळ जास्त येतो आणि जाळीत बादलीभर पाणी ओतलं की बऱ्याचदा कमी होतो, कारण जाळीखाली वास अडवणारं पाणी सुकलेलं असतं, ते पुन्हा भरतं. भूछत्राला बादलीभर पाणी म्हणजे मेजवानी.

दुसरी तपासणी : माश्यांच्या मागे जा

सकाळी लवकर जा. फॅलस इंडुसिएटस साधारण पहाटे ते सकाळच्या वेळात उमलतं आणि टोपीवरचा चिकटा तेव्हा ताजा असतो. दुपारी गेलात तर माश्यांनी तो चाटून पुसून नेलेला असतो. मग वासही जातो आणि पुरावाही, मागे उरतो तो लुळा पडलेला पांढरा दांडा. संध्याकाळी शोधणाऱ्यांना ‘काहीच सापडत नाही’ ते यामुळेच.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालत जा आणि नाकापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं आणि मग चुकीची दिशा दाखवतं. माशी चुकत नाही. काही प्रदेशांत डंख नसलेल्या छोट्या मधमाश्याही या चिकट्यावर येतात. फुलं सोडून मधमाश्या जमिनीलगत कशावर तरी जमलेल्या दिसल्या तर तिथे वाका.

या चिकट्याला ग्लेबा म्हणतात. त्यात साखर असते आणि भूछत्राचे बीजाणू असतात, लांबीला जेमतेम दोन-तीन मायक्रॉन. इतर बहुतेक भूछत्रं बीजाणू वाऱ्यावर सोडतात. याचे बीजाणू चिकटात बुडालेले, वारा त्यांचं काही करू शकत नाही. म्हणून हे भूछत्र सडक्या मांसाचं सोंग घेतं. माशी येते, चाटते, थोडे बीजाणू पायांना लावून आणि बरेच पोटात घेऊन उडते, आणि दुसरीकडे कुठेतरी बसून विष्ठेतून टाकते. पोटातून गेले तरी बीजाणू जिवंत राहतात. आपल्याला जी तक्रार वाटते ती या जीवाची टपालसेवा आहे. हे सांगायचं कारण व्यावहारिक आहे : ग्लेबा चाटून संपायच्या आत भूछत्र हलवलं तरच त्या खेपेचा प्रसार थांबतो. नंतर उपटणं म्हणजे पत्रं गेल्यावर पेटीला कुलूप.

तिसरी तपासणी : अंडं उभं चिरून बघा

उमललेलं सापडलं नाही तरी हरकत नाही, त्याची अंडी, म्हणजे मातीत रुतलेले ते रबरासारखे गोळे, सापडतील. हातमोजे घाला आणि वास येत असलेल्या जागेभोवती दोन-तीन हात अंतरात वरचा पाचोळा बोटांनी बाजूला करा. गोळा सापडला की तो ओढू नका, आधी खाली बघा. तळाशी पांढरा किंवा गुलाबी-जांभळट दोरा असेल, मुळासारखा, थेट लाकडाच्या तुकड्याकडे गेलेला. तो दोरा म्हणजे बुरशीच्या तंतूंची जुडी. पुढच्या सगळ्या तपासण्यांचा नकाशा त्या दोऱ्यात आहे, तेव्हा तो कुठे जातो ते लक्षात ठेवा.

साप किंवा पालीची अंडी समजून घाबरून बोलावणारेही असतात. त्या अंड्यांना तळाशी दोरा नसतो. दोरा दिसला नाही तर चिरायचं नाही, हातही लावायचा नाही, पाचोळा परत झाकायचा.

दोरा असेल तर एक गोळा काढा आणि धारदार सुरीने वरून खाली उभा चिरा. ही तपासणी मला स्वतःला सगळ्यात आवडते, कारण आत अख्खं भूछत्र घडी घालून ठेवलेलं दिसतं. बाहेर पातळ साल, तिच्या आत पारदर्शक थुलथुलीत थर, मग गडद हिरवट ग्लेबाची पट्टी, आणि मधोमध पांढरा, स्पंजासारखा दांडा, पेटीच्या मिटलेल्या भात्यासारखा दाबून बसवलेला. जाळीचा झगासुद्धा टोपीखाली चुरगळून तयार असतो.

आता गोम अशी की याच आकाराचे आणखी दोन गोळे जमिनीत सापडतात. चिरल्यावर आतून सगळीकडे सारखं पांढरं आणि घट्ट असेल तर ते पफबॉलचं, म्हणजे चेंडूसारख्या गोल भूछत्राचं, पिल्लू. आत छोट्या छत्रीची आकृती दिसत असेल, टोपीखाली पापुद्रे असतील आणि थुलथुलीत थर अजिबात नसेल, तर ती अमानिटा कुळातली कळी असू शकते. त्या कुळात जीवघेण्या जाती आहेत. तशी कळी दिसली तर मुलांना आणि कुत्र्यांना त्या जागेपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा. थुलथुलीत थर दिसला की स्टिंकहॉर्न, एवढी खूण पुरे.

या थरामुळेच भूछत्र एका रात्रीत उगवल्यासारखं वाटतं. वाढ आधीच झालेली असते, जमिनीखाली, अंड्यात, कित्येक दिवस. दांड्यातल्या पेशी तयार असतात, फक्त चेपलेल्या. पाणी मिळालं की साल फाटते, त्या पेशी फुगून उलगडतात आणि दांडा मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने वर सरकतो. शांत बसून पाहिलं तर डोळ्यांना हालचाल दिसते. दांडा थांबला की झगा सुटतो. काही तासांत सगळं उरकतं. पावसानंतर एकदम पीक का येतं, त्याचं उत्तर हेच : पाऊस अंडी घालत नाही, तयार अंड्यांना फक्त पाणी पुरवतो.

इथे माझी एक फजिती. एकदा असंच न चिरलेलं अंडं घरी आणलं, ओल्या कापसावर काचेच्या बरणीत ठेवलं, सकाळी चित्र काढू म्हणून. बरणीचं झाकण सैल होतं. सकाळी घरातल्या सगळ्यांच्या आधी माश्या उठल्या. जमिनीतून काढलेलं पक्व अंडं तसंच मरत नाही, त्याच्याकडे स्वतःचा पाणीसाठा असतो, आणि ते बरणीत काय, कचऱ्याच्या डब्यातही उमलतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जात कोणती, याने फरक पडतो का?

थोडा. पांढरा दांडा आणि झगा म्हणजे फॅलस इंडुसिएटस किंवा त्याची जवळची भावंडं. झगा पिवळा किंवा नारिंगी असलेलीही असतात. ही बांबू, पाचोळा आणि कुजत्या लाकडाच्या सावलीत जास्त. दांडा नारिंगी-लाल, झगा नाही, हिरवळीत किंवा ढलप्यांत उभं, तर फॅलस रुबिकुंडस. लाल हातांच्या ताऱ्यासारखं दिसलं तर असेरो रुब्रा. याचा पहिला नमुना १७९२ साली टास्मानियात गोळा झाला आणि १८२९ साली इंग्लंडमधल्या क्यू या वनस्पती उद्यानाच्या उबदार काचघरात तो उगवलेला सापडला. माती आणि कुंड्यांबरोबर या मंडळींचा प्रवास किती सहज होतो ते यावरून कळावं. बंदोबस्त सगळ्यांचा सारखाच.

नावाचं म्हणाल तर इंडुसिएटस हे नाव व्हेन्तेना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९८ साली दिलं, झग्यावरून. फॅलस म्हणजे लिंग, आकार पाहून कळतंच. हाड्रियानुस युनियुस या डच वैद्याने तर १५६४ सालीच हॉलंडच्या वाळूच्या टेकड्यांतल्या अशा भूछत्रावर स्वतंत्र पुस्तिका काढली होती. म्हणजे माणूस याने चारशे वर्षांहून जास्त काळ अवघडतो आहे.

चौथी पायरी : वेचणी

इथून दुरुस्ती सुरू. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंडी उमलायच्या आत वेचणं, आणि बऱ्याच बागांमध्ये एवढंच पुरतं.

संध्याकाळी जा. सकाळी उमलणारं अंडं आदल्या संध्याकाळी ओळखू येतं : वरचं टोक लांबट झालेलं असतं, साल ताणून पातळ झालेली असते. हातमोजा घालून गोळा तळाशी धरा, पिळा, दोऱ्यासकट जेवढं निघेल तेवढं काढा. बंद तोंडाच्या पिशवीत टाका आणि गाठ मारा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, कारण वर सांगितलं तसं ते तिथे उमलतं, आणि तिथे त्याला खायलाही भरपूर.

उमललेलं असेल तर पिशवी उलटी करून हातावर चढवा, टोपीसकट पूर्ण झाका, मग तळाशी पिळून तोडा आणि पिशवी सुलटी करून बांधा. टोपी हलवली की चिकटा गळतो आणि तो आच्छादनावर, म्हणजे वाफ्यात पसरलेल्या ढलप्या-पाचोळ्याच्या थरावर, पडला तर वास आणखी दिवसभर. पडलाच तर तेवढ्या ढलप्या उचलून त्याच पिशवीत घाला. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, बीजाणू पसरतात आणि जमीन ओली होते, दोन्ही नको आहे.

ही वेचणी पाऊस संपेपर्यंत दर एक-दोन दिवसांनी करायची. कंटाळवाणं आहे, पण यातून वास जवळजवळ बंद होतो, कारण अंड्यात असताना वास नसतोच. समस्येचं मूळ मात्र जागेवर राहतं. भूछत्र म्हणजे आंबा, झाड जमिनीखाली आहे. खरा जीव म्हणजे ढलप्यांतून आणि कुजक्या मुळांतून पसरलेलं तंतूंचं जाळं, आणि आंबे तोडून झाड मरत नाही.

आणि इथे मी बहुतेकांना एक प्रश्न विचारते : हे भूछत्र खिडकीपासून किती लांब आहे? दहा-पंधरा पावलं असेल, मुलं किंवा कुत्री तिकडे जात नसतील, तर माझं मत, राहू द्या. ते जिवंत झाडांच्या मुळांना खात नाही. मेलेलं लाकूड कुजवून त्याची माती करणं हे त्याचं काम आणि ते तुमच्या बागेच्या फायद्याचंच आहे. एका भूछत्राचा वास एक-दोन दिवसांचा. पुढच्या पायऱ्या मेहनतीच्या आहेत, आणि दाराजवळ किंवा खिडकीखाली त्रास असेल तरच कराव्यात.

पाचवी पायरी : पाणी

उलगडण्यासाठी पाणी लागतं हे कळल्यावर हा उपाय उघड आहे. वरचा थर सतत ओला राहत असेल तर पाण्याची वेळ बदला. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर आच्छादनात टिकतं, सकाळी दिलेलं दिवसभरात वरून सुकतं. तुषार सिंचन असेल तर ठिबक करा, म्हणजे पाणी झाडाच्या मुळाशी जाईल आणि मधला पट्टा कोरडा राहील. गळका नळ किंवा छताची पन्हाळी त्याच जागी सांडत असेल तर ते आधी दुरुस्त करा. मी पाहिलेल्या हट्टी जागांपैकी बऱ्याच जागा नळाच्या तोटीखाली होत्या.

पाऊस आपल्या हातात नाही, त्यामुळे भर पावसात या पायरीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

सहावी पायरी : आच्छादन

गुन्हेगार बहुतेक वेळा इथे सापडतो. ही बुरशी लाकडातला सेल्युलोज आणि लिग्निन पचवते. चीनमध्ये फॅलस इंडुसिएटसची १९७९पासून व्यापारी लागवड होते, तिथे वाफ्यांत बांबूचे तुकडे, ढलप्या, शेतातला काडीकचरा घालतात, वर मातीचा पातळ थर देतात, सावली आणि ओल राखतात. आता तुमच्या वाफ्याकडे बघा. ढलप्यांचा जाड थर, झुडपांची सावली, रोज पाणी. तुम्ही न कळत तिची शेतीच करताय. (तिथे टोपी आणि तळाशी उरलेली अंड्याची साल काढून टाकून, स्वच्छ करून, वाळवून ती खातात. यावरून अंगणातलं भूछत्र शिजवायचं धाडस करू नका. ओळख चुकण्याची किंमत फार मोठी असते.)

काय करायचं : वास येणाऱ्या पट्ट्यातलं आच्छादन खोऱ्याने ओढून काढा. उलटलेल्या ढलप्यांखाली पांढरे तंतू आणि ते दोरे दिसतील, सगळं एकत्र पिशव्यांत भरा. दुसऱ्या वाफ्यात पसरू नका. एका बागेत हा त्रास चार जागी होता, आणि चौकशी केल्यावर कळलं की पहिल्या जागेचं आच्छादन काटकसर म्हणून उरलेल्या तीन जागी वाटून टाकलं होतं. उघडी झालेली माती आठवडाभर उन्हात सुकू द्या. मग नवीन थर द्यायचा तर पूर्ण कुजलेलं, गडद, भुसभुशीत कंपोस्ट द्या, कारण त्यातलं लाकूड आधीच खाऊन संपलेलं असतं. खडी किंवा वाळलेलं गवतही चालेल. थर तीन-चार बोटांपेक्षा जाड नको.

जाता जाता एक गैरसमज. अशा वाफ्यातली झाडं पिवळी पडली की लोक भूछत्राला धरतात. कच्चा भुसा किंवा ढलप्या मातीत मिसळल्या की त्या कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र ओढून घेतात, पानं त्याने पिवळी पडतात. ढलप्या मातीच्या वर ठेवा, आत कालवू नका.

सातवी पायरी : खाली काय पुरलंय?

आच्छादन बदललं, पाणी आवरलं, तरी एका ठरावीक रेषेत किंवा वर्तुळात अंडी येतच राहिली तर खाली लाकूड आहे. मागे तोडलेल्या झाडाचा बुंधा, त्याची मेलेली मुळं, बांधकामाच्या वेळी पुरलेल्या फळ्या, कुजलेले खांब. आता तो दोरा कामाला येतो. एक अंडं न तोडता त्याच्या दोऱ्याभोवतीची माती हलक्या हाताने काढत जा. दोरा लाकडाशी जाऊन थांबतो.

सरळ रेषा म्हणजे बहुधा एखादं जुनं मूळ किंवा फळी. वर्तुळ म्हणजे बुंधा. लाकूड हाताने निघण्यासारखं असेल तर कुदळीने काढा, भोवतीची तंतू धरलेली मातीही थोडी काढा, खड्डा लाकूड नसलेल्या मातीने भरा. मोठा बुंधा असेल तर दोन पर्याय : तो यंत्राने खरवडून काढणं, किंवा वाट बघणं. बुंधा खाऊन संपला की बुरशी आपोआप संपते, पण त्याला वर्षं लागतात, आणि बुंधा जेवढा मोठा तेवढी जास्त. खरवडून काढलेला भुसा तिथेच खड्ड्यात भरू नका. तो याच भूछत्राला बारीक करून वाढलेला घास होतो.

जे करून काही होत नाही

बुरशीनाशक फवारणं. औषध मातीच्या वरच्या थरात अडकतं, जाळं लाकडाच्या आत असतं. मरतात त्या मातीतल्या उपयोगी बुरशी, ज्यांच्या आधाराने तुमच्या झाडांची मुळं जगतात. मीठ, व्हिनेगर, उकळतं पाणी : झाडं आधी मरतात. ब्लीचने एका दिवसाचा वास झाकला जातो इतकंच, आणि ब्लीच कधीही अमोनिया असलेल्या द्रवाबरोबर एकत्र ओतायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. चुना टाकून फरक पडला असं सांगणारे भेटतात. मी विचारते, चुना टाकल्यावर पाऊस पडला होता का? बहुधा उघडीप असते.

भूछत्र पायाने चिरडणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय. वास जमिनीवरून चपलेला लागतो आणि चप्पल घरात येते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

घराच्या आत वास आणि गॅसची शंका : वर सांगितलं, स्वतः तपासत बसायचं नाही.

घराच्या लाकडी खांबातून, दाराच्या चौकटीतून, लाकडी ओट्याखालून किंवा भिंतीला लागून ही अंडी निघत असतील तर प्रश्न भूछत्राचा राहत नाही. ते लाकूड कुजतंय आणि तिथे पाणी मुरतंय, ही त्याची चिठ्ठी आहे. बांधकाम जाणणाऱ्याला बोलवा. भूछत्र काढून वर रंग मारला तर पुढच्या वेळी खांबच हातात येईल.

बुंधा पायाजवळ, विजेच्या जमिनीखालच्या तारेजवळ किंवा पाण्याच्या वाहिनीवर असेल तर कुदळ मारू नका. जिवंत मोठ्या झाडाच्या बुंध्याशी दरवर्षी अंडी येत असतील तर झाडांची तपासणी करणाऱ्या जाणकाराला दाखवा. स्टिंकहॉर्न झाड मारत नाही, पण त्याला तिथे खायला मेलेली मुळं मिळतायत, आणि मुळं कशाने मेली हे पाहावं लागतं. वाऱ्यात झुकणाऱ्या झाडाच्या बाबतीत थांबू नका.

आच्छादनात काहीच सापडलं नाही, माश्या भिंतीच्या फटीकडे किंवा छताकडे जातात आणि वास रोज वाढतोय, तर मी हरले आणि उंदीर जिंकला. कीड-उंदीर नियंत्रणवाल्यांना बोलवा.

लहान मुलाने किंवा कुत्र्याने अंडं किंवा भूछत्र खाल्लं तर लक्षणांची वाट बघत बसू नका. अंडं स्टिंकहॉर्नचंच होतं हे त्या घाईत कोणी खात्रीने सांगू शकत नाही, अमानिटाच्या कळीचा धोका असतो, आणि अमानिटाच्या सगळ्यात विषारी जातींची लक्षणं कित्येक तास उशिरा सुरू होतात. घरगुती उपायाने उलटी करवू नका. उरलेला तुकडा आणि त्याच जागचं दुसरं अख्खं अंडं, दोऱ्यासकट, कागदात गुंडाळा आणि मुलाला डॉक्टरांकडे किंवा कुत्र्याला पशुवैद्याकडे नेताना बरोबर घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्यात ते लवकर सडतं आणि ओळखणं अवघड होतं.